हुशार विद्यार्थ्यांना महानगरपालिकेकडे कसे वळवावे, आणि वळवावे का?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. आपण लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य विभागात शिकवता. आपले चांगले विद्यार्थी एकतर खासगी नोकरीसाठी पुण्याला जातात किंवा अभ्यासिकेत बसून वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. ज्या शहरात ते वाढले त्याच शहराच्या महानगरपालिकेत काम करावे, असा विचारही त्यांच्या मनात येत नाही. आपण अधिकाऱ्यांची व्याख्याने ठेवून पाहिली, पण त्यांचा उपयोग झाला नाही. आता आपण विचारता की या मुलांना शहराच्या कारभाराकडे कसे वळवावे, आणि मुळात वळवावे का. शिवाय आपण एका विद्यार्थिनीचा उल्लेख केला आहे. तिला एका महानगरपालिकेच्या प्रकल्प कक्षात बाह्यस्रोत संस्थेमार्फत, म्हणजे पालिकेला माणसे पुरवणाऱ्या खासगी संस्थेमार्फत, कंत्राटी काम मिळत आहे आणि घरचे नको म्हणत आहेत. तिच्याविषयी शेवटी लिहितो.

मी मराठवाड्यातील काही नगरपरिषदांत मुख्याधिकारी आणि नंतर एका महानगरपालिकेत उपायुक्त म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. त्यामुळे माझे उत्तर प्रशासनाच्या खुर्चीतून पाहिलेले आहे. नगरसेवक म्हणून काम केलेला माणूस यातील काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

मुलांना सार्वजनिक सेवेची ओढ नाही, असे मला वाटत नाही. लातूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड येथील अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात, त्या काही खासगी नोकरीसाठी नव्हेत. ओढ आहे, पण ती जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाण्याकडे आहे. राज्यसेवा परीक्षेतून नगरपरिषदेचा मुख्याधिकारीही निवडला जातो, परंतु पसंतीक्रमात हे पद बहुतेकांच्या यादीत उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार यांच्या खाली असते. परिणामी मुख्याधिकारी म्हणून रुजू झालेला मुलगा पुष्कळदा पुढच्या परीक्षेची पुस्तके सोबत घेऊनच येतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नगरपालिका त्याला लहानपणापासून माहीत आहे ती तुंबलेल्या नालीमुळे आणि न आलेल्या नळामुळे. तिथे बुद्धीला आव्हान देणारे काही असते, हे त्याला कोणी दाखवलेलेच नाही.

व्याख्यानांनी ते दाखवता येत नाही. वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, सुभाषचंद्र बोस १९२४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, हे मीही अनेक महाविद्यालयांत सांगितले आहे. मुले टाळ्या वाजवतात आणि भरतीचा अर्ज मात्र भरत नाहीत. कारण भाषणातून त्यांना मोठेपण कळते, काम कळत नाही.

काम कळण्यासाठी आपल्याच शहराकडे पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या शहराच्या नावाचा 'पॅटर्न' सगळा महाराष्ट्र ओळखतो, जिथून दरवर्षी डॉक्टर आणि अभियंते तयार होऊन बाहेर पडतात, त्या शहरावर ही वेळ आली, यातील विसंगती आपल्या विद्यार्थ्यांनाही जाणवत असेल. धरण कोरडे पडणे हे पावसाच्या हाती होते असे घडीभर मानू. पण धरणात पाणी असतानाही ते घरी किती दिवसांनी येते, किती वेळ येते, शेवटच्या गल्लीत का पोहोचत नाही, हे प्रश्न अभियांत्रिकीचे आणि कारभाराचे आहेत. छत्रपती संभाजीनगर तर जायकवाडीच्या एवढ्या जवळ असूनही तिथल्या वसाहतींना कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले आहे.

एका नगरपरिषदेतील अनुभव सांगतो, कारण माझे मत बऱ्याच अंशी तिथे घडले. त्या गावात एका जलकुंभावरून पाणी सुटे तेव्हा टोकाच्या दोन वस्त्यांत नळ नुसते फुसफुसत. वितरण वाहिन्यांचा नकाशा कार्यालयात नव्हता. तो निवृत्तीला आलेल्या एका व्हॉल्व्हमनच्या डोक्यात होता. कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो किती आटे फिरवायचा, हे तोच जाणे. काही व्हॉल्व्ह रस्त्याच्या डांबराखाली गाडले गेले होते. जवळच्या महाविद्यालयातील अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना मी हेच काम प्रकल्प म्हणून दिले: या माणसाबरोबर फिरायचे, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा मोबाईलवर नोंदवायची, वाहिनीचा व्यास आणि अंदाजे वय लिहायचे, पाणी सुटल्यावर ठरावीक ठिकाणी दाब मोजायचा आणि सगळे एका नकाशावर मांडायचे. पाणी रात्री सुटे, म्हणून त्यांना कार्यालयाचे ओळखपत्र, गाडी आणि सोबत एक महिला कर्मचारी दिली.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा दिसले की जलकुंभात पाणी नेणाऱ्या मुख्य वाहिनीवरच बऱ्याच नळजोडण्या घेतलेल्या आहेत. म्हणजे जलकुंभ भरण्याआधीच पाणी वाटेत संपत होते. कर्मचाऱ्यांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही, परंतु कागदावर कधी आले नव्हते. कागदावर आल्यावर दूरध्वनी सुरू झाले. या मुलींना इथे कोणी पाठवले, खासगी माहिती कशी गोळा करतात, वगैरे. तो अहवाल मी माझ्या सहीने सभेपुढे ठेवला, विद्यार्थिनींची नावे फक्त श्रेयाच्या पानावर राहू दिली, आणि आक्षेपांना उत्तर देणे हे माझे काम मानले. जोडण्या सगळ्या तुटल्या नाहीत, पुष्कळशा वितरण वाहिनीवर हलवल्या गेल्या, आणि टोकाच्या वस्त्यांत पाणी पूर्वीपेक्षा बरे येऊ लागले. त्या दोघींपैकी एक आज नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा सेवेत आहे. दुसरी पुण्यात खासगी कंपनीत आहे, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

या अनुभवावरून मी असे मानतो की हुशार तरुण माणूस ज्याचे उत्तर पुस्तकात नाही अशा आखीव प्रश्नासाठी येतो, आणि त्याच्या कामामुळे कोणी दुखावले तर पुढे उभा राहणारा वरिष्ठ असेल तरच टिकतो. पगार महत्त्वाचा आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकावर येतो. सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० रुपये आहे आणि त्यावर भत्ते मिळतात. लातूर-परभणीच्या खर्चात पुण्याच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा ती वाईट ठरत नाही. तरीही मुले सोडून जातात, कारण पहिल्या काही महिन्यांत त्यांना काम मिळत नाही. नव्या मुलाची अवस्था लग्नघरी दोन दिवस आधी पोहोचलेल्या पाहुण्यासारखी होते; चहा सगळे विचारतात, काम कोणी सांगत नाही.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत हे स्पष्ट दिसले. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला ६ महिने आणि नंतर वाढवून ११ महिने, आणि स्थानिक कार्यालयांत प्रशिक्षण, ही कल्पना चांगली होती. ज्या कार्यालयांनी आधी ठरवले की या मुलाकडून मालमत्ता कराच्या नोंदी आणि प्रत्यक्ष घरे यांचा मेळ घालून घ्यायचा आहे, तिथे मुले शिकली. जिथे काहीच ठरले नव्हते तिथे ती आवक-जावक नोंदवहीशेजारी बसून राहिली. केंद्र शासनाने २०२० मध्ये नागरी संस्थांतील इंटर्नशिपसाठी सुरू केलेल्या 'ट्युलिप' कार्यक्रमाचेही यश-अपयश याच गोष्टीवर ठरते.

आता 'वळवावे का' याविषयी. याचे उत्तर विद्यार्थ्यावर, त्याच्या घरच्या परिस्थितीवर आणि तो कोणत्या दाराने आत येतो यावर अवलंबून आहे. ही दारे विद्यार्थ्यांना सहसा वेगवेगळी करून सांगितली जात नाहीत. महानगरपालिकेच्या स्वतःच्या भरतीतून आलेला अभियंता साधारणपणे त्याच शहरात निवृत्त होतो. नगरपरिषद राज्यसेवेतून आलेला, म्हणजे स्थापत्य, पाणीपुरवठा, संगणक, लेखा, कर निर्धारण अशा संवर्गातला, नगरपरिषद प्रशासन संचालनालयाच्या अखत्यारीत असतो आणि त्याची बदली होते; अशी मोठी भरती २०२३ मध्ये झाली होती. ज्याला आपल्याच शहरासाठी काही करायचे आहे त्याने पहिला मार्ग पाहावा, आणि ज्याला स्थानिक दडपणापासून थोडे अंतर हवे आहे त्याला दुसरा बरा. बदली ही शिक्षा म्हणून ओळखली जाते, पण तरुण अधिकाऱ्याला तिने पुष्कळदा वाचवलेलेही आहे.

पदे रिक्त असूनही भरती का होत नाही, हेही विद्यार्थ्यांना समजावून सांगावे. नागरी संस्थेचा आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, अशी शासनाची अट आहे. मराठवाड्यातील बहुतेक नागरी संस्थांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे, मालमत्ता कराची वसुली अपुरी, जकात गेली आणि तिच्या जागी आलेले अनुदान वरून येणारे. त्यामुळे ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या मंजूर आराखड्यात, असलेली पदेही भरता येत नाहीत. मग तेच काम कंत्राटी माणसाकडून होते, कारण त्याचा खर्च अंदाजपत्रकातील दुसऱ्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या दुसऱ्या सदरात, टाकता येतो. २०११ मध्ये स्थापन झालेल्या लातूर आणि परभणी महानगरपालिकांची आणि २०२३ मध्ये झालेल्या जालन्याची ही अडचण अधिक आहे, कारण नगरपरिषदेची जुनीच आस्थापना घेऊन त्यांना महानगराचे काम करावे लागते. म्हणजे चांगली माणसे नाहीत म्हणून करवसुली कमी आणि करवसुली कमी म्हणून चांगली माणसे घेता येत नाहीत, असे हे चक्र आहे. ते कुठे तोडायचे असेल तर कराच्या बाजूने तोडावे, असे माझे मत आहे, आणि म्हणून मी हुशार मुलांना पाणीपुरवठ्याबरोबर कर विभागाकडेही पाठवत असे. नगरपरिषदांत दर चार वर्षांनी होणारी कर आकारणी हा विषय ऐकायला रुक्ष वाटतो, पण ज्याने ती एकदा मन लावून केली त्याला गाव जेवढे समजते तेवढे दुसऱ्या कोणत्याही कामातून समजत नाही.

आणखी एक गोष्ट आपण वर्गात मोकळेपणाने बोलावी, कारण घरचे लोक तिच्याच भीतीने नको म्हणतात. टक्केवारीचा विषय. तरुण अभियंत्याची कसोटी बहुधा मोजमाप पुस्तिकेवर लागते. काम पाहिले नसताना, किंवा वरच्यांनी सांगितले म्हणून, मोजमाप नोंदवून सही केली की देयक निघते. ठेकेदार मोकळा होतो, वरिष्ठाची बदली होते, आणि काही वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो तेव्हा समोर असते ती कनिष्ठ अभियंत्याची सही. विभागीय चौकशी त्याची होते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या अभियंत्याला मी सांगत असे की, मोजल्याशिवाय लिहू नकोस, मोजताना दिनांकासह छायाचित्र ठेव, आणि तोंडी आदेश आला तर त्याच दिवशी टिपणीत नोंद कर. असे वागणारी मुले एकाकी पडतात, हे खरे आहे. पण ती पडतातच असेही नाही. कार्यालयात असा एखादा लेखाधिकारी किंवा उपअभियंता असतोच ज्याला हे आवडते, आणि रुजू झाल्यावर त्याला शोधणे हे नव्या माणसाचे पहिले काम असावे.

महाविद्यालय म्हणून आपण काय करू शकता, ते आता सांगतो. व्याख्यान बंद करा आणि आयुक्तांकडे एकच लहान प्रश्न घेऊन जा. संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा किंवा घनकचरा व्यवस्थापन असा विषय नेऊ नका. एक जलकुंभ, एक प्रभाग, एक नाला असे मागा. करार झाला तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण करारावर सही करणारे आयुक्त वर्षभरात बदलू शकतात. नाव आणि पदनाम लिहिलेल्या एका उपअभियंत्याला समन्वयक नेमणारा कार्यालयीन आदेश मागा. माहिती कोणत्या स्वरूपात मिळेल आणि ती कुठे प्रसिद्ध करता येणार नाही, हेही त्याच आदेशात असू द्या. ज्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात माहिती आहे त्याचे नाव अहवालात आले पाहिजे. हे विसरले तर पुढच्या वर्षी तो आपल्या विद्यार्थ्यांना काही सांगणार नाही.

वेळेचेही भान ठेवावे. मार्चमध्ये सगळे कार्यालय देयके आणि वसुली यांत बुडालेले असते, एप्रिल-मे टँकरमध्ये जातो, जूनमध्ये नालेसफाईची धावपळ असते. या महिन्यांत विद्यार्थी पाठवला तर त्याला कोणी बसायलाही सांगत नाही. ऑगस्टमध्ये काम सुरू करून जानेवारीपूर्वी अहवाल हातात द्यावा, म्हणजे अंदाजपत्रकाची जुळवाजुळव चालू असते तेव्हा त्यातील एखादी शिफारस लेखाशीर्षात बसवून घेता येते. लेखाशीर्ष नसेल तर उत्तम अहवालही कपाटात जातो. आपल्या विद्यार्थ्याने सुचवलेल्या कामाला लहानशी का होईना तरतूद झाली, हे त्याने अंदाजपत्रकाच्या पुस्तिकेत छापलेले पाहिले, तर पुढे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

निवडणुकीच्या मार्गाविषयी थोडक्यात लिहितो. नगरसेवक होण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असणे पुरेसे आहे आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, ही माहिती बहुतेक विद्यार्थिनींना नसते. स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमल्या जाणाऱ्या, सदस्यांची तरतूदही मुळात अभियंता, डॉक्टर, प्राध्यापक अशा जाणकारांसाठी आहे. प्रत्यक्षात ती जागा बहुधा उमेदवारी न मिळालेल्या कार्यकर्त्याची समजूत काढण्यासाठी वापरली जाते. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल २०२० मध्ये मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासक होते, आणि इतरत्रही असेच झाले. त्या काळात वयात आलेल्या एका पिढीने सर्वसाधारण सभा कधी पाहिलीच नाही. सभा पाहायला विद्यार्थ्यांना अवश्य न्या. गोंगाट असतो, पण एखाद्या रस्त्याचा विषय कोण उचलतो आणि कोण गप्प राहतो, हे तिथेच समजते.

आता आपल्या विद्यार्थिनीविषयी. घरच्यांची भीती रास्त आहे. कंत्राटी नोकरी आपल्याकडे लग्नाच्या बाजारात मोजली जात नाही, ही बाब बाजूला ठेवली तरी ती कायम होण्याची आशा धरून तिथे राहणे चुकीचे ठरेल. तसे आश्वासन कोणी तोंडी दिले तर त्यावर विसंबू नये. परंतु दोन वर्षांची मर्यादा स्वतःच घालून ती जात असेल, तर मी जा म्हणेन. रुजू होण्यापूर्वी तिने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. अनुभवाचे प्रमाणपत्र बाह्यस्रोत संस्थेच्या नव्हे तर महानगरपालिकेच्या पत्रावर, कामाच्या तपशिलासह मिळेल का. पुढच्या भरतीत आणि खासगी नोकरीतही त्याचाच उपयोग होतो. वेतन पालिकेकडून संस्थेला उशिरा मिळाले तरी तिला वेळेवर मिळेल का, आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो तो प्रत्यक्ष भरला जातो का. हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या कंत्राटी मुलांना विचारले तर खरे उत्तर मिळेल. मोजमाप पुस्तिकेवर किंवा देयकावर तिची सही अपेक्षित आहे का, हेही विचारावे. कंत्राटी माणसाने ती करू नये, आणि अपेक्षित आहे असे उत्तर आले तर ही नोकरी घेऊ नये. प्रकल्प कक्षाचा प्रमुख कोण आहे आणि त्याच्या हाताखालील मुले किती काळ टिकली आहेत, याची चौकशी आपण स्वतः करून तिला सांगितलीत तर अधिक बरे, कारण तिला ती माहिती कोणी देणार नाही आणि आपल्याला देतील.